गाडी उंच, पाय आखूड. मग करायचं काय?

आज आपण बोलूया गाडीच्या उंचीबद्दल.

चंद्रपूर-गडचिरोलीत आता आशाताई, नर्सताई, वनरक्षक मुली, गटाच्या कामाला फिरणाऱ्या सख्या, सगळ्याच दुचाकी चालवतात. डांबर संपलं की मुरूम, गोटे, नाले, रपटे. म्हणून काही जणींना हिमालयन किंवा एक्सपल्ससारखी उंच गाडी हवीशी वाटते. पण बसून पाहिलं तर पाय टेकत नाहीत. लगेच कुणीतरी म्हणतं, "ही बायांची गाडी नाही." आम्ही म्हणतो, गाडी बायांचीही होते. फक्त ती कुठून आणि किती उतरवायची, हे आपल्याला समजलं पाहिजे.

आधी आकडे पाहू. स्प्लेंडरची सीट जमिनीपासून सुमारे 785 मिलिमीटरवर असते. जुन्या 411 सीसी हिमालयनची 800, एक्सपल्स 200 ची 825 च्या आसपास. एक्सपल्सच्या 'प्रो' गाडीची तर 891! नाव तेच म्हणून फसू नका. आता गाडीचं पोट पाहा. स्प्लेंडरच्या पोटाखाली 165 मिलिमीटर जागा असते, हिमालयनच्या पोटाखाली 220. हीच जागा आपल्याला गोट्यांवरून नेते. ती घालवली तर उंच गाडी घेऊन उपयोग काय?

म्हणून पहिला हात सीटला लावायचा. सीटवाल्याकडून फोम थोडा कापून घ्या, आणि मांड्यांजवळची सीट अरुंद करून घ्या. सीट रुंद असली की पाय बाहेर फाकतात आणि आखूड पडतात. काही गाड्यांना कंपनीचीच कमी उंचीची सीट मिळते. जाड तळव्याचे बूटही मदत करतात. यात पोटाखालची जागा जराही कमी होत नाही.

दुसरं, मागच्या शॉकअपचा ताण, म्हणजे प्रीलोड. आपण बसलो की गाडी थोडी दबते. वजनदार माणूस बसला तर जास्त, पंचेचाळीस किलोची बाई बसली तर कमी. म्हणजे हलक्या बाईला तीच गाडी आणखी उंच लागते. मिस्त्रीला सांगून ताण कमी करून घ्या. मागे कुणी बसणार असेल किंवा पोतं असेल, तर तो पुन्हा वाढवायचा.

एवढं करूनही पाय पोहोचत नसेल, तरच शॉकअपची बैठक उतरवायची. काही गाड्यांत मागच्या जोडपट्ट्या, म्हणजे लिंक, बदलून मागची बाजू खाली येते. पुढे फोर्कच्या नळ्या क्लॅम्पमधून थोड्या वर सरकवतात. दोन्ही बाजू सारख्या उतरवा. नुसती मागची उतरवली तर हँडल सुस्त होतं, आणि हेडलाइटचा उजेड रस्ता सोडून झाडांवर पडतो. उतरवल्यावर शॉकअप पूर्ण दाबून पाहा. टायर मडगार्डला लागता कामा नये. चेनचा ढिलेपणाही तपासा.

किती उतरवायची? एक इंच, म्हणजे 25 मिलिमीटर पुरे. हिमालयनच्या पोटाखाली तरीही 195 उरतात. दोन इंच उतरवली तर 170 च उरतात, म्हणजे जवळपास स्प्लेंडरच!

साइड स्टँड मात्र विसरू नका. गाडी खाली आली की जुना स्टँड लांब पडतो. गाडी सरळ उभी राहते आणि वाऱ्याने, धक्क्याने दुसऱ्या बाजूला पडते. स्टँडही तेवढाच आखूड करून घ्या. डबल स्टँड असेल तर तोही पाहा. गाडीत मोठा बदल करण्याआधी आरटीओला आणि विमावाल्याला विचारा. नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे चालत नाही.

आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. दोन्ही टाचा टेकायलाच हव्यात असं नाही. कंबर थोडी डावीकडे सरकवून एक पाय पक्का टेकला, उजवा पाय ब्रेकवर राहिला, की झालं. थांबताना उंचवट्याची बाजू निवडा. उताराच्या बाजूला पाय टाकायला गेलं की जमीन सापडत नाही, आणि गाडी अंगावर येते. हे शाळेच्या मैदानात, मैत्रिणीला बाजूला उभं करून शिका.

मात्र रपट्यावरून पाणी वाहत असेल, तर कितीही उंच गाडी असो, थांबायचं. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद पडतो, हे आपण कित्येक पावसाळे पाहिलंय. पाण्यासमोर हट्ट नको.

तर मैत्रिणींनो, गटाच्या पुढच्या बैठकीत एक टेप घेऊन या. प्रत्येकीने भिंतीला टेकून, नेहमीच्या चपला-बूट घालून, मांडीच्या सांध्यापासून जमिनीपर्यंत पाय मोजा आणि आकडा वहीत लिहून ठेवा. दुकानात जाल तेव्हा आधी तो आकडा सांगा, मग किंमत विचारा.