शिबिरातला संसार

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनी कोणी तरी विदुषीने बोलावे, असा आपल्या मंडळाचा रिवाज आहे. यंदा हा मान माझ्याकडे आला. माझी विद्वत्ता एवढीच, की मी तेरा वर्षे डोंगरावर संसार केला. १९८१ पासून १९९४ पर्यंत आम्ही पचमढीला एका युवक शिबिरकेंद्राच्या आवारात राहत होतो. हे तेथे व्यवस्थापक होते. आम्ही गेलो तेव्हा थोरली तीन वर्षांची होती; धाकट्याचा जन्म त्यानंतरचा. “पचमढीला तेरा वर्षे! म्हणजे स्वर्गातच राहिलात की!” असे अजूनही पुष्कळजणी म्हणतात. त्या स्वर्गातल्या स्वयंपाकघराची हकीकत सांगावी, म्हणून आज उभी आहे.

पचमढी आपल्याला परकी नाही. नागपूर ही मध्यप्रांताची राजधानी होती, त्या काळी उन्हाळा आला की सरकारचा मुक्काम पचमढीला हले. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली, आपण मुंबई राज्यात आलो आणि पचमढी मध्य प्रदेशात राहिली. परंतु नागपंचमीच्या सुमारास भर पावसात नागद्वारला जाणारी, आणि महाशिवरात्रीला खांद्यावर त्रिशूळ घेऊन चौरागड चढणारी आपली वैदर्भी माणसे काही सीमा पाहत बसली नाहीत. त्या दिवसांत बाजारात वऱ्हाडी बोली कानी पडली की माहेरचे माणूस भेटल्यासारखे वाटे.

मुलांच्या शिबिरांना ही जागा जणू मुद्दाम घडविलेली आहे. गाव समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून थोडे अधिक उंचीवर, सभोवती साल-सागाचे रान, आणि सातपुड्याचे सर्वांत उंच शिखर धूपगड (१३५२ मीटर) हाकेच्या अंतरावर. भारत स्काउट्स अँड गाइड्स या संस्थेचे राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्रही तेथेच आहे. १९०७ साली बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडातील ब्राउन्सी बेटावर सुमारे वीस मुलांचे पहिले शिबिर भरविले, तेव्हापासून तंबू, शिट्टी आणि शेकोटी ही त्रयी जगभर गेली. त्या मुलांना काय शिकविले, हे पुस्तकांतून पुष्कळ वाचावयास मिळते. त्यांच्या पोटाला कोणी घातले, रात्री ताप आला तर उशाशी कोण बसले, ते मात्र शोधावे लागते.

प्रथम पोटाचेच सांगते. शंभर मुले, प्रत्येकी चार पोळ्या, म्हणजे चारशे पोळ्या. किलोभर कणकेच्या पंचवीस-तीस पोळ्या होतात. तेव्हा एका वेळेला पंधरा किलो कणीक. पोळ्या लाटावयास स्वयंपाकी आणि त्याची माणसे होती. पण कोठीघराची किल्ली माझ्या कमरेला असे. किती काढावयाचे, उरले तर संध्याकाळी त्याचे काय करावयाचे, आणि सामानाची गाडी अडकली तर उद्या काय शिजवावयाचे, हा हिशेब माझा. उंचीवर पाणी लवकर उकळते, पण कमी उष्णतेवर. नागपुरात ते ९९ अंशांच्या आसपास उकळते, तर पचमढीला ९६-९७ वर. दोन अंशांचा तो फरक, पण मोठ्या पातेल्यातली तुरीची डाळ तेवढ्यावर रुसून बसते. पहिल्या आठवड्यात स्वयंपाकी मला म्हणाला, “भाभीजी, यहाँ की दाल पहाड़ी है.” मग रात्रीच डाळ भिजत घालण्याचा नेम ठेवला आणि पहाटेचे निम्मे सरपण वाचले.

पाऊस नागपूरच्या जवळजवळ दुप्पट. श्रावणात मिठाला पाणी सुटे, काडेपेटी चुलीजवळ डब्यात ठेवावी लागे, आणि धुतलेले लुगडे तिसऱ्या दिवशीही ओलसरच. पापड-कुरडया तेथे वाळविणे कठीण. ऊन असले तर माकडे पहारा मोडीत. तेव्हा आईने नागपूरच्या वैशाखात गच्चीवर वाळविलेले पापड पिंपात भरून छिंदवाड्यावरून यावयाचे. एका जुलैत नदीला पूर येऊन चार दिवस भाजीची गाडीच वर आली नाही. केंद्रावर नव्वद मुले, निरनिराळ्या प्रांतांतली. कोठीत बेसन, कांदे आणि सुकी मिरची. मी चून केले आणि जाड भाकरी करविल्या. पहिल्या दिवशी मुले ताटाकडे संशयाने पाहत होती; तिसऱ्या दिवशी बंगालची दोन मुले चुलीजवळ येऊन कृती लिहून घेत होती.

मे महिन्यात मात्र दुहेरी हंगाम. शिबिरे भरलेली असत, आणि त्याच वेळी नागपूरच्या ४५ अंशांना कंटाळलेले आमचे सगळे आप्त “सहज चार दिवस” येत. पाहुणे येऊ नयेत असे मला कधी वाटले नाही. फक्त आल्या-आल्या त्यांच्या हाती भाजीची टोपली आणि विळी देत असे. दुसऱ्या वर्षीपासून चार दिवसांचे दोन झाले.

आता जरा गंभीर गोष्ट. पुढे मुलींचीही शिबिरे भरू लागली. पालकांची पत्रे येत. त्यांत हवामान, खर्च, सामानाची यादी विचारलेली असे आणि शेवटी एक वाक्य हटकून असे: “मुक्कामी बाईमाणूस असते काय?” हे उत्तर लिहीत, “होय. माझे कुटुंब येथेच राहते.” मैत्रिणींनो, या एका वाक्याच्या आधारावर लोकांनी आपल्या लेकी अडीचशे किलोमीटरवर डोंगरात पाठविल्या.

एका शिबिरात दुसऱ्याच रात्री तेरा वर्षांची एक मुलगी दाराशी येऊन उभी राहिली. दिवसभर चढउतार झाली होती. आपल्याला आत कोठे तरी लागले आहे, असे तिला वाटत होते. आईने तिला काही सांगितले नव्हते. मी तिला गरम पाणी दिले, स्वच्छ कापड दिले, शेजारी बसवून सगळे नीट समजावून सांगितले आणि माझ्याच अंथरुणावर निजविले. सासूबाई त्या वेळी आमच्याकडे आलेल्या होत्या. त्या जुन्या वळणाच्या. आता काय म्हणतात, म्हणून मी मनात चाचरत होते. सकाळी त्याच सुंठेचा काढा घेऊन आल्या. म्हणाल्या, “घरी असती तर बाजूला बसवली असती. इथे कुठे बसवणार? डोंगर सगळा देवाचाच आहे.” ती मुलगी सर्वांच्या पंगतीत जेवली आणि तिसऱ्या दिवशी सर्वांबरोबर सहलीला गेली. निघताना तिने मला वाकून नमस्कार केला. ते शिबिर कशासाठी भरले होते, हे मला आज आठवत नाही.

हे सगळे इतरांच्या मुलांचे झाले. आपल्या मुलांचे काय?

शिबिरात वाढणाऱ्या मुलाला अंगण मोठे मिळते. झाडावर चढणे, दोराच्या गाठी, तारे ओळखणे हे आमच्या मुलांना शाळेत जाण्यापूर्वीच येत होते. पाढे हिंदीतून आणि शुभंकरोती मराठीतून, असा त्यांचा कारभार. पण एक दु:ख मला फार उशिरा कळले असते, जर धाकट्याने आपण होऊन बोलून दाखविले नसते. तो सहा वर्षांचा असताना नवी तुकडी आली. मी म्हटले, “जा, त्या मुलाशी खेळ. नाव काय त्याचे?” तो म्हणाला, “नाव विचारून काय करू? दहा दिवसांनी जाणारच आहे.”

त्या दिवसापासून आम्ही दोन गोष्टी ठरविल्या. पहिली, जाणारी मुले जावोत, पण राहणारी मुले एकत्र यावीत. स्वयंपाक्याचे, चौकीदाराचे आणि आमचे अशी कायमची तीन घरे होती. तिघांचे सण एकत्र केले. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो, हे तेथल्या मुलांना ठाऊक नव्हते. चौकीदाराने फळीचे बैल कापून दिले, त्यांना बाटल्यांच्या बुचांची चाके लावली, आणि पाच पोरांचा तान्हा पोळा आवारातून वाजतगाजत निघाला. पुढे दरवर्षी निघाला. त्या पाचांची मैत्री आजही टिकून आहे.

दुसरी गोष्ट, दिवेलागणीची अर्धी घटका आमचे दार बंद. ह्यांना हे प्रथम पटेना, “शिबिरात दार बंद कसे ठेवायचे?” असे त्यांचे म्हणणे. मी म्हटले, ताप, रक्त किंवा साप असेल तर खुशाल ठोठवा. हरवलेल्या चमच्यासाठी नको. देवापाशी दिवा लागे, चौघे बसत, मुले दिवसभराचे सांगत. दिवसातली तेवढीच मिनिटे ती दोघे शंभरांतली दोन नसत. घराला भिंती पुष्कळ असतात; उंबरठा आपला आपल्याला घालावा लागतो.

१९९२ साली थोरलीला पुढच्या शिक्षणासाठी आजीकडे नागपूरला ठेवली. तिची पत्रे येत, आणि मी लोकांच्या मुलींच्या वेण्या घालत ती मनात पुन:पुन्हा वाचत असे. दोन वर्षे असे चालले. मग मी ह्यांना म्हटले, “तेरा वर्षे दुसऱ्यांच्या मुलांना सोबत दिली. आता आपल्या मुलांची पाळी.” ह्यांना ते काम जिवाभावाचे होते. दोन रात्री ते काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी राजीनाम्याचे पत्र लिहिले.

ह्यांच्या जागी नवे व्यवस्थापक आले. ते एकटेच होते. तेव्हा मुलींच्या शिबिरांसाठी आणि कोठीघरासाठी एक बाई पगारावर नेमावी लागली. तेरा वर्षांत ज्या कामाला हजेरीपटावर रकाना नव्हता, त्याला माझ्यामागे रकानाही मिळाला आणि पगारही. मला वाईट वाटले नाही. उलट वाटले, बरे झाले; पुढच्या बाईचे तरी नाव लिहिले गेले.

आपल्या नागपूरच्याच घुल्यांच्या घरातली मुलगी १९४६ साली लग्न होऊन साधनाताई आमटे झाली आणि वरोऱ्याच्या माळरानावर आनंदवनाचा संसार उभा राहिला. पुढे सोमनाथला उन्हाळ्यात तरुणांची श्रमसंस्कार छावणी भरू लागली, हजारो मुले तेथे घडली. साधनाताईंनी आपल्या आत्मचरित्राला ‘समिधा’ हे नाव दिले. त्या थोर होत्या. आपण साध्या बाया. पण यज्ञ कोणताही असो, समिधा कोणी तरी व्हावेच लागते. माझे म्हणणे एवढेच, की त्या मोजल्या तरी जाव्यात.

म्हणून मंडळाला दोन विनंत्या करते. आपल्या मुलामुलींना, विशेषत: मुलींना, शिबिराला अवश्य पाठवा. डोंगर चढून आलेली मुलगी घरी वेगळ्या पावलांनी चालते. पण पाठविण्यापूर्वी शुल्काबरोबर हेही विचारा: तेथे मुक्कामी बाई आहे का, तिचे नाव काय, आणि तिला त्या कामाचा पगार मिळतो का? दुसरी विनंती, मूल परत आले की काय पाहिलेस हे विचाराल, त्याबरोबर जेवायला कोण वाढत होते, हेही विचारा. त्याला नाव सांगता आले, तर शिबिर चांगले झाले असे समजा.