तांब्याचे भांडे आणि कल्हईची मजुरी



कामगार संघटनेचा माणूस व्याख्यानमालेत उभा राहिला म्हणजे तो महागाई भत्त्यावर बोलणार, असे श्रोते धरून चालतात. आम्ही चालकांना 'तांब्याची भांडी' असा विषय लिहून पाठवला, तेव्हा अक्षर नीट लागले नाही म्हणून त्यांचा निरोप आला. अक्षर आमचे वाईट आहे खरे. शाळा सातवीत सुटली आणि पुढचे जे काही लिहिणे-वाचणे झाले ते युनियनच्या कचेरीत, तक्रारअर्ज खरडता खरडता. पण विषय तोच होता, आणि तो आम्ही जाणूनबुजून निवडला आहे.

सध्या घराघरांत तांबे परत येत आहे. आमच्या आईच्या पिढीने जे हंडे मोडीत घालून स्टेनलेसचे डबे आणले, तेच हंडे आता नाती आणि सुना हौसेने विकत घेतात. हौसेला आमची हरकत नाही. परंतु भांडे परत आले, आणि भांड्याबरोबर घरात जी समज होती ती मात्र मागेच राहिली. गल्लीत हाळी देणारा कल्हईवालाही दिसेनासा झाला. ही समज आणि तो माणूस, दोघांवाचून तांब्याचे पातेले चुलीवर चढवणे धोक्याचे आहे. का, ते सांगण्यासाठी आज येथे उभे आहोत.

नगर जिल्ह्याला, म्हणजे २०२४ पासूनच्या अहिल्यानगर जिल्ह्याला, तांबे काही नवे नाही. संगमनेर तालुक्यातील जोर्वे या गावी तांब्याच्या चपट्या कुऱ्हाडी मिळाल्या आणि त्या गावावरून एका संपूर्ण ताम्रपाषाण संस्कृतीला नाव मिळाले. तिला तीन हजार वर्षे होऊन गेली. प्रवरेच्याच काठी श्रीरामपूर तालुक्यात दायमाबाद आहे. तेथे १९७४ साली झाडाची मुळे खणताना एका भिल्ल बांधवाला बैल जुंपलेला रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा अशा धातूच्या चार ओतीव मूर्ती सापडल्या. चौघांचे वजन मिळून साठ किलोंच्या वर भरते. त्यांच्या काळाविषयी पंडितांत वाद आहे, तो पंडितांनी मिटवावा. पुढे इंग्रजी अमदानीत, १८८४ च्या सरकारी गॅझेटियरात, नगरच्या साड्यांच्या मागांबरोबर तांब्यापितळेच्या भांड्यांच्या धंद्याचीही दखल घेतलेली आहे. म्हणजे या शहराच्या गल्ल्यांत तांबटाच्या हातोड्याचा आवाज नवा नव्हता. आज तो ऐकायचा तर पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत जावे लागते, आणि तेथेही तो पूर्वीइतका दाट राहिलेला नाही.

आता भांड्याकडे वळू. तांब्यातून उष्णता लोखंडाच्या सुमारे पाचपट आणि स्टेनलेसच्या सुमारे पंचवीसपट सहजतेने वाहते. म्हणून तांब्याच्या जाड पातेल्यात दूध एका ठिकाणी धरत नाही, खीर बुडाला लागत नाही, आणि मंद आच पुरते. हा गुण मोठा आहे. जर्मनच्या पातेल्याने स्वस्ताईत त्याच्याशी स्पर्धा केली आणि स्टीलने चकाकीत केली, पण शिजवण्यात स्टीलला ते जमले नाही. म्हणूनच काही स्टीलच्या भांड्यांच्या बुडाशी तांब्याचा पत्रा जोडतात.

अवगुणही त्याच धातूत आहे. आंबट लागले की तांबे विरघळते. ताक, चिंच, आमसूल, टोमॅटो, लिंबू, काहीही घ्या. जुन्या बायका 'ताक कळकले' म्हणत, ते हेच. चव कडवट लागते, मळमळते, उलट्या होतात. पितळेतही मुख्य भाग तांब्याचाच असतो, तेव्हा पितळेलाही हीच गोष्ट लागू. काही वर्षांपूर्वी आमच्या जिल्ह्यात एका लग्नात मठ्ठा प्यायलेल्या मंडळींना दुपारपर्यंत ओकाऱ्या सुरू झाल्या. सगळा दोष आचाऱ्यावर आला. त्याची मजुरी बुडाली आणि पुढची तीन कामे गेली. तो आमच्याकडे आला तेव्हा आम्ही त्याला एवढेच विचारले, पातेले कोणाचे? पातेले भाड्याचे होते. जाऊन पाहिले तर आतून कल्हई साफ उडालेली, बूड तांबूस-पिवळे पडलेले. भाडे घेणाऱ्याने त्या भांड्यावर कित्येक लग्ने कमावली होती आणि कल्हईचे पैसे वाचवले होते.

तर तांब्यापितळेच्या भांड्यात स्वयंपाक करायचा तो आतून कल्हई असेल तरच. पाण्याच्या हंड्याला, कळशीला, बंबाला, घंगाळाला कल्हई लागत नाही. ज्यात नुसती साखर किंवा पाक उकळतो त्या हलवायाच्या कढईचेही निराळे आहे. पण आमटीचे, भाताचे, दुधाचे भांडे बिनकल्हईचे असता कामा नये.

विकत घेताना काय पाहावे? आधी वजन. तांबे वजनावर विकले जाते, तेव्हा दुकानदाराला ते जड करण्यात नफा आणि गिऱ्हाइकाला हलके घेण्यात बचत, असे वरवर दिसते. खरे म्हणजे स्वयंपाकाच्या भांड्यात हलके घेणारा फसतो. एक हिशेब सांगतो, तो कागदावर उतरवून घ्या. तांब्याचा एक मिलिमीटर जाडीचा पत्रा चौरस मीटरला सुमारे नऊ किलो भरतो. वीस सेंटिमीटर रुंद आणि बारा सेंटिमीटर उंच असे पातेले त्या पत्र्याचे केले तर काठ आणि कड्या सोडून साडेनऊशे ग्रॅमच्या आसपास होईल. दीड मिलिमीटरचे केले तर चौदाशेच्या पुढे जाईल. तेव्हा त्या मापाचे पातेले सहाशे ग्रॅम भरले तर ते पाणी भरून ठेवायला ठीक, पण चुलीवर त्याचे बूड वाकेल. स्वयंपाकाला दीड मिलिमीटरच्या खाली आम्ही तरी घेऊ देणार नाही. कड्या लोखंडी किंवा पितळी असतील तर त्यांचे वजन तांब्याच्या भावाने मोजले जात नाही ना, हेही विचारावे. विचारायला लाजू नये.

मग मठार. तांबट पत्रा तापवून मऊ करतो, ठोकून आकार देतो आणि शेवटी सगळ्या अंगावर हातोडीचे बारीक ठसे उमटवतो. ही नुसती नक्षी नव्हे. ठोकण्याने तांबे कठीण होते आणि भांड्याला सहसा पोचा येत नाही. हल्ली यंत्राच्या छापाने तसेच ठसे उमटवलेली भांडी मिळतात. छापाचे ठसे सगळे एका मापाचे, एका रांगेत असतात. हाताचे ठसे जवळजवळचे असले तरी एकासारखा दुसरा नसतो. यंत्राचे भांडे वाईट असे आम्ही म्हणत नाही, पण हातकामाचे दाम देऊन छापकाम घरी नेऊ नये. बाहेरून तांब्याचा मुलामा दिलेले स्टीलही विकले जाते. त्याच्या काठाची कड निरखली की पांढरी धातू दिसते. नव्या भांड्यावर चमक टिकावी म्हणून रोगण चढवलेले असते, ते वापरण्यापूर्वी काढून टाकावे. आणि घरी इंडक्शनची शेगडी असेल तर एवढा खटाटोप करूच नका, नुसते तांबे तिच्यावर तापत नाही.

निगा राखणे फार अवघड नाही. बाहेरून चिंच, किंवा लिंबू आणि मीठ लावून घासावे, लगेच खळखळून धुवावे आणि कोरड्या फडक्याने पुसावे. ओले ठेवले की डाग पडतात, आणि आंबट राहिले तर हिरवे जंगाल चढते. जंगाल विषारी आहे. आतल्या कल्हईला मात्र राख, वाळू, तारेची घासणी लावू नये. लाकडी डाव वापरावा. कथील २३२ अंशांना वितळते, म्हणून कल्हईचे भांडे रिकामे गॅसवर ठेवू नये आणि त्यात फोडणी करू नये. फोडणी लोखंडी पळीत करून वरून ओतावी. स्वयंपाक झाला की पदार्थ दुसऱ्या भांड्यात काढावा.

पाण्याविषयी दोन शब्द, कारण हल्ली तांब्याच्या बाटल्यांची लाट आहे. तांब्याच्या भांड्यात रात्रभर ठेवलेल्या पाण्यातले रोगजंतू मरतात हे खरे आहे. बंगळूरच्या संशोधकांनी सोळा तास पाणी ठेवून हे तपासले आणि २०१२ साली प्रसिद्ध केले. त्या पाण्यात उतरलेले तांबे जागतिक आरोग्य संघटनेच्या लिटरला दोन मिलिग्रॅम या मर्यादेच्या आत होते. पण हे साध्या पाण्याचे झाले. बाटलीत लिंबूसरबत किंवा ताक भरून मुलाला शाळेत धाडणे हा अविचार आहे. बाटलीत हात जात नाही, आतले जंगाल दिसत नाही. आम्ही म्हणतो, रुंद तोंडाचा तांब्या घ्या, त्याला ते नाव उगाच पडलेले नाही. ज्यांना यकृताचा विल्सनचा विकार आहे त्यांनी तर तांब्यापासून दूरच राहावे.

आता मूळ मुद्द्याकडे येतो.

कल्हईवाला जमिनीत खळगा करतो, कोळसे पेटवतो, भाता हलवतो. भांडे तापले की त्यात नवसागर टाकतो, पांढऱ्या धुराचा लोट उठतो, मग कथलाची सळई टेकवून वितळलेले कथील कापसाच्या बोळ्याने झरझर फिरवतो. क्षणात काळे भांडे रुपेरी होते. लहानपणी आम्ही हे तासन्‌तास पाहिले आहे, तुम्हीही पाहिले असेल. तो धूर घशात आणि डोळ्यांत जातो. कल्हईवाला तो आयुष्यभर घेतो. तांबटाचे कान जातात. तांबटांच्या घरी बसून आम्ही बोललो आहोत, अर्धे बोलणे हाताने करावे लागते. गोंगाटाने येणारा बहिरेपणा १९४८ च्या कारखाना कायद्याच्या परिशिष्टात नोंदलेला रोग होता. पण तो कायदा यंत्रशक्ती असेल तर दहा आणि नसेल तर वीस कामगारांच्या कारखान्याला लागू होत असे, आणि २०२० च्या संहितेत हे आकडे वीस आणि चाळीस झाले. बापलेक आणि एक पुतण्या मिळून चालणाऱ्या तांबटाच्या भट्टीला तेव्हाही कायदा नव्हता आणि आताही नाही. झाडाखाली बसणाऱ्या कल्हईवाल्याची तर मोजदादच नाही.

अशा माणसाशी आपण घासाघीस करतो. पातेल्यामागे दहा रुपये कमी करून घेतले की घरात शाबासकी मिळते. ते दहा रुपये तो कोठून काढणार? कोळसा लागतोच, नवसागर लागतोच. उरते कथील. कथील शिशाच्या दहापटीहूनही महाग आहे. शिसे मिसळले की मिश्रण २३२ ऐवजी १८३ अंशांपर्यंत खाली येऊन वितळते, कोळसाही कमी लागतो आणि हात चालवणे सोपे होते. डाखाची सळई बाजारात सहज मिळते. भांडे तितकेच चमकते. त्या भांड्यात आंबट आमटी उकळली की शिसे पोटात जाते. शिशाचे कोणतेही प्रमाण मुलांना निर्धोक मानलेले नाही, ते मेंदूवर जाते आणि त्याची उलटी होत नाही की चव कळत नाही. तांब्याने निदान ओकारी येऊन इशारा तरी मिळतो.

ओळखण्याची रीत आहे. सळई हातात मागून घ्या आणि कानाजवळ धरून वाकवा. शुद्ध कथील वाकताना बारीक कुरकुरते, शिसे भरपूर मिसळलेले गप्प राहते. मग ती पांढऱ्या कागदावर ओढा. शिशाची काळपट रेघ उठते. पण नुसती परीक्षा घेऊन भागणार नाही. परीक्षेत धरला गेलेला कल्हईवाला उद्या दुसऱ्या गल्लीत जाईल आणि तेथे कोणी सळई वाकवणार नाही.

म्हणून आमची सूचना अशी. वाड्यातली, सोसायटीतली आठ-दहा घरे एकत्र या. दिवाळीच्या आधी एकदा आणि रोजचा वापर असेल तर वर्षात आणखी एकदा, आतले तांबूस दिसू लागले की त्याला बोलवा. कथील दुकानातून तुम्हीच विकत आणा आणि त्याच्यासमोर वाकवून दाखवा. त्याची मजुरी निराळी ठरवा, भांड्याच्या मापावर, आणि कथलाशी तिचा संबंध ठेवू नका. शिल्लक सळई परत घ्या. बसायला वारा वाहील अशी जागा द्या, धूर त्याच्या तोंडावर येणार नाही असे बसवा, आणि पोरांना लांब उभे करा. दुपारी जेवणाच्या वेळी त्याचेही पान मांडा, त्याच दिवशी कल्हई झालेल्या पातेल्यातली आमटी वाढून.