शस्त्रक्रियेनंतरचें वर्ष



माणूस आजारांतून उठला हें आपण कशावरून ठरवितों? आपल्याकडे याची एक ठरलेली खूण आहे. औषध सुटलें, पथ्य उठलें, देवापुढें नारळ वाढविला, कीं आजार संपला. पुष्कळ आजारांच्या बाबतींत ही खूण खरी ठरते. परंतु एक शस्त्रक्रिया अशी आहे कीं, तिच्यानंतर या खुणेवर विसंबणें जिवावर बेतूं शकतें. ती म्हणजे अधिवृक्क ग्रंथीची शस्त्रक्रिया. मी वैद्य नव्हे. आजऱ्यास मुलांना शिकविण्यांत माझें आयुष्य गेलें. परंतु माझ्या पत्नीवर ही शस्त्रक्रिया मुंबईस झाली आणि पुढचें सव्वा वर्ष हा विषय मला घरांतच अभ्यासावा लागला. डॉक्टरांनीं पुन्हा पुन्हा समजावून दिलें म्हणून जें कळलें, तें आज आपल्यापुढें ठेवतों.

अधिवृक्क ग्रंथि दोन असतात. प्रत्येक मूत्रपिंडाच्या माथ्यावर टोपीसारखी एक. वजन अवघें ४-५ ग्रॅम, म्हणजे जुन्या अर्ध्या तोळ्याहूनहि थोडें कमी. एवढ्याशा ग्रंथीचें महत्त्व जगाला कळावयास १८५५ साल उजाडावें लागलें. त्या वर्षीं लंडनचे डॉक्टर थॉमस ॲडिसन यांनीं दाखवून दिलें कीं, या ग्रंथि नासल्या म्हणजे माणूस दिवसेंदिवस क्षीण होतो, त्याची कातडी काळवंडते आणि अखेर त्याला मृत्यु येतो. त्या काळीं या नासाडीचें एक मोठें कारण क्षयरोग हें होतें. आपल्या देशांत तें कारण अजूनहि नाहींसें झालेलें नाहीं.

या ग्रंथींतून जे रस थेट रक्तांत मिसळतात, त्यांतील तीन आपण लक्षांत ठेवूं. पहिला कॉर्टिसॉल. रक्तांतील साखर व रक्तदाब सांभाळणें आणि ताप, जखम, धक्का यांना तोंड देण्याचें बळ शरीराला पुरविणें, हें त्याचें काम. निरोगी माणसाचें शरीर दिवसाकाठीं सुमारें १० मिलिग्रॅम कॉर्टिसॉल तयार करतें; पहाटे सर्वांत अधिक, मध्यरात्रीं सर्वांत कमी. दुसरा अल्डोस्टेरॉन; तो शरीरांतील मीठ व पोटॅशियम यांचा तोल राखतो. तिसरा ॲड्रिनॅलिन, भय वाटलें असतां छाती धडधडते ती याच्यामुळें.

ग्रंथींत गांठ झाली म्हणजे यांपैकीं एखादा रस भलत्या प्रमाणांत वाहूं लागतो. कॉर्टिसॉल वाढला तर तोंड वाटोळें होतें, पोट सुटतें, हातपाय बारीक होतात, पोटावर जांभळे वळ उठतात, मधुमेह व रक्तदाब जडतो. अमेरिकन शल्यवैद्य हार्वे कुशिंग यांचें नांव या विकाराला मिळालें. त्यांचा प्रसिद्ध निबंध १९३२ सालचा. अल्डोस्टेरॉन वाढला तर रक्तदाब चढतो आणि पुष्कळदां पोटॅशियम उतरतें. हा प्रकार जेरोम कॉन यांनीं १९५५ सालीं वर्णिला. ॲड्रिनॅलिनच्या जातीचे रस वाढले तर डोकेंदुखी, घाम व धडधड यांचे झटके येतात. अशी गांठ ग्रंथीसह काढून टाकणें हा उपाय. १९९२ पासून ही शस्त्रक्रिया दुर्बिणीनें होऊं लागली, त्यामुळें रोगी पुष्कळदां थोड्याच दिवसांत घरीं येतो. मुंबईच्या परळ भागांतील के. ई. एम. रुग्णालयांत तर अशा ग्रंथींच्या विकारांसाठीं स्वतंत्र विभागच आहे.

रोगी घरीं येतो, टांके सुटतात, शेजारीपाजारी पाहून जातात. आणि येथूनच खऱ्या जपणुकीला आरंभ होतो.

माझ्या पत्नीची गांठ कॉर्टिसॉलची होती. डावी ग्रंथि काढली. उजवी जागेवर होती. मग तिच्या भरंवशावर लगेच चालावयास काय हरकत, असें कोणालाहि वाटेल. परंतु शरीराचा कारभार निराळा आहे. मेंदूच्या तळाशीं पीयूषिका नांवाची लहानशी ग्रंथि असते. रक्तांत कॉर्टिसॉल कमी पडला कीं ती अधिवृक्कांना हुकूम सोडते. पुरेसा असला कीं गप्प बसते. गांठ वर्षानुवर्षें कॉर्टिसॉल ओतीत असल्यामुळें पीयूषिकेनें हुकूम सोडणेंच थांबविलेलें असतें, आणि हुकुमावांचून बसून राहिलेली निरोगी ग्रंथि आक्रसून जाते. गांठ काढली त्या दिवशीं शरीर एकदम उघडें पडतें. हुकूम देणारी आणि हुकूम पाळणारी, दोघींनाहि जाग यावी लागते. त्याला कोणास सहा महिने लागतात, कोणास वर्ष, कोणास दीड वर्ष व त्याहूनहि अधिक.

मधल्या काळांत जी गोळी देतात तिचें नांव हायड्रोकॉर्टिसोन. तीच न मिळाल्यास प्रेडनिसोलोन. स्टेरॉइड हा शब्द ऐकतांच आपल्या लोकांच्या कपाळाला आंठ्या पडतात. दमा, सांधेदुखी यांवर ज्यांत गुपचूप हेंच द्रव्य मिसळलें आहे अशा पुड्या घेऊन अनेकांनीं शरीराची नासाडी करून घेतली आहे, तेव्हां ती भीति अगदींच निराधार नाहीं. परंतु येथें तुलना चुकते. ज्याच्या शरीरांत पुरेसा रस आहे त्यानें वरून घेणें निराळें, आणि ज्याच्या शरीरांत तो तयारच होत नाहीं त्यानें रोजची तूट भरून काढणें निराळें. हें द्रव्य माणसाच्या हातीं आलें तें १९४८ च्या सुमारास; १९५० सालचें नोबेल पारितोषिक केंडॉल, हेंच व राइखस्टाइन या तिघांना अधिवृक्कांतील रसांवरील कामाबद्दल मिळालें. त्यापूर्वीं या ग्रंथींवर शस्त्र चालविणें म्हणजे रोग्याचें पुढें काय होईल, याची मोठीच धास्ती असे.

आतां एका विचित्र गोष्टीकडे वळूं. शस्त्रक्रिया यशस्वी झाल्यावर पुष्कळ रोग्यांना पूर्वींहून अधिक वाईट वाटूं लागतें. सांधे दुखतात, अंगाची साल निघते, अन्नावरची वासना उडते, मन उदास होतें. शरीराला कॉर्टिसॉलच्या पुराची संवय झालेली असते. तो ओसरला म्हणजे नेहमींचें पाणीहि त्याला दुष्काळासारखें भासतें. दुसऱ्या महिन्यांत माझी पत्नी भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, "अहो, गांठ गेली म्हणतां, मग मी अजून रोगी कशी?" याचें उत्तर मला तेव्हां देतां आलें नाहीं. डॉक्टरांनीं दिलें तें असें कीं, हा त्रास गांठ पूर्णपणें गेल्याचीच खूण असूं शकते. मात्र चक्कर, उलटी, रक्तदाब उतरणें हीं लक्षणें दिसलीं तर ती खूण समजूं नये, ताबडतोब दवाखाना गांठावा.

आप्तेष्ट येत, आपुलकीनें सांगत, "एवढी गांठ काढली, आतां हें विष कशाला? चार दिवस सोडून तर पाहा." घरांत कोणी असें सांगितलें, तर त्याला चहा द्यावा, सल्ला घेऊं नये.

गोळीचें प्रमाण कसें ठरतें तें थोडक्यांत सांगतों. हे आंकडे समजुतीसाठीं आहेत, आपल्या हातानें प्रमाण बदलण्यासाठीं नव्हेत. सुरुवातीचे दिवस सरल्यावर हायड्रोकॉर्टिसोन बहुधा दिवसाला १५ ते २५ मिलिग्रॅम असतें. त्याचे दोन-तीन भाग करतात. सर्वांत मोठा भाग सकाळीं उठल्याबरोबर, शेवटचा संध्याकाळ होण्यापूर्वीं. निसर्गाची चाल पहाटे भरती व रात्रीं ओहोटी अशी असल्यामुळें ही विभागणी. २० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन म्हणजे ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन. म्हणून दुकानदारानें "हीच ती" म्हणून दुसऱ्या नांवाची गोळी दिली, तर डॉक्टरांना विचारल्यावांचून घेऊं नये. आंकडा सारखा असला तरी बळ चौपट असूं शकतें.

गोळी कमी करावयाची ती पायरी पायरीनें, प्रत्येक पायरीवर कांहीं आठवडे थांबून. फार मोठें प्रमाण चालू राहिलें तर निजलेली ग्रंथि निजूनच राहते. फार घाईनें कमी केलें तर माणूस कोसळतो. या दोहोंमधली वाट रक्ताच्या तपासणीनें कळते. ठरल्याप्रमाणें आदल्या दिवसाच्या गोळीनंतर पुरेसा वेळ जाऊं देऊन, सकाळीं आठच्या सुमारास, त्या दिवसाची गोळी घेण्यापूर्वीं रक्त देतात. आम्ही भिंतीवर शाळेच्या हजेरीपटासारखा एक तक्ता लावला होता: तारीख, गोळीचें प्रमाण, रक्तदाब, वजन. डॉक्टर तो तक्ता आधीं पाहत, मग आमच्याशीं बोलत.

रक्तदाब लिहिण्याचें कारण असें कीं, जुनीं औषधेंहि बदलावीं लागतात. गांठीमुळें जडलेला रक्तदाब व मधुमेह गांठ गेल्यावर उतरूं लागतो. त्याच गोळ्या तशाच चालू राहिल्या तर साखर वा दाब नको इतका खालीं जातो. अल्डोस्टेरॉनची गांठ काढली असेल तर पोटॅशियमच्या गोळ्या बहुधा लगेच थांबवितात व कांहीं आठवडे रक्त तपासतात. ॲड्रिनॅलिनची गांठ असेल तर वर्षांतून एकदां तपासणी चालू ठेवावी लागते. क्षयरोगावरील रिफाम्पिसिन हें औषध तर कॉर्टिसोनच्या गोळीचा शरीरांतच लवकर निचरा करतें. दोन्ही चालू असतील तर गोळीचें प्रमाण वाढवावें लागतें. म्हणून प्रत्येक नव्या डॉक्टरापुढें सगळ्या औषधांची यादी ठेवावी.

आणि आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट. निरोगी शरीर ताप आला कीं आपण होऊन कॉर्टिसॉल वाढवितें. ज्याची ग्रंथि निजलेली आहे त्याला तें जमत नाहीं. त्याच्यासाठीं तें काम घरच्यांनीं करावयाचें. ताप असेपर्यंत गोळी दुप्पट, ताप फार असल्यास तिप्पट, आणि उतरल्यावर पुन्हा पूर्ववत्, असा सर्वसाधारण नियम डॉक्टर घालून देतात. उलटी होऊन गोळी पोटांत राहत नसेल तर थांबावयाचें नाहीं. १०० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन टोंचून घ्यावें व रुग्णालयांत जावें. दांत काढणें असो वा दुसरी शस्त्रक्रिया, आधीं सांगितलेंच पाहिजे. जॉन केनेडी हे पुढें अमेरिकेचे अध्यक्ष झाले. त्यांच्या अधिवृक्क ग्रंथि निकामी होत्या. १९५४ सालीं त्यांच्या पाठीची शस्त्रक्रिया याच रसाचा भरपूर आधार देऊन करण्यांत आली. संसर्ग होऊन ते मरणाच्या दारीं गेले, पण वांचले. अशा माणसावर एवढी मोठी शस्त्रक्रिया त्या काळीं इतकी दुर्मिळ होती कीं, पुढच्या वर्षीं तिचा वृत्तांत, नांव न देतां, वैद्यकीय मासिकांत छापून आला.

आजऱ्यासारख्या गांवीं या नियमाला आणखी एक बाजू आहे. कोल्हापूर येथून ८० किलोमीटरांहून अधिक दूर. आषाढ-श्रावणांत पाऊस असा कोसळतो कीं झाडें पडतात, हिरण्यकेशीला पूर येतो, गाड्या अडकतात. म्हणून आम्ही मृगापूर्वींच दोन महिन्यांच्या गोळ्या भरून ठेवल्या, टोंचण्याची कुपी घरांत ठेवली, आणि एका कागदावर मराठींत लिहून तो पत्नीच्या पिशवींत कायमचा टाकला: "माझी अधिवृक्क ग्रंथि काढली आहे. मी कॉर्टिसोनवर आहें. मी बेशुद्ध असल्यास प्रथम हायड्रोकॉर्टिसोन टोंचा." भाताची लावणी चालू असतांना एका पहाटे तिला ताप भरला व उलट्या सुरू झाल्या. जवळच्या दवाखान्यांत तो कागद व ती कुपी पुढें केली, आणि कांहीं न विचारतां टोंचणें झालें. दुपारीं ती उठून बसली व घरच्या घनसाळ तांदळाची पेज मागितली.

उपासाविषयींहि दोन शब्द. एकादशी असो वा नवरात्र, गोळी चुकवूं नये. निर्जळी तर करूंच नये. दोन्ही ग्रंथि काढलेल्या माणसाला मिठाचा तोल राखणाराहि रस उरत नाहीं. त्याला फ्लुड्रोकॉर्टिसोन नांवाची दुसरी गोळी लागते, आणि अळणी व्रत त्याला घातक ठरतें. अशा माणसाची गोळी जन्मभर सुटत नाहीं. पण तेवढ्यानें तो रोगी ठरत नाहीं. तो शेत करतो, नोकरी करतो, संसार करतो. केनेडी तर गोळ्या घेत घेत राज्य करीत होते.

माझ्या पत्नीची गोळी पंधराव्या महिन्यांत, तपासणीनंतर, सुटली. आप्तेष्टांना तो तिच्या बरें होण्याचा दिवस वाटला. मला वाटतें, ती लावणीच्या त्या पहाटेपूर्वींच बरी झालेली होती. कारण गोळी नेमानें घेणें आणि वेळेला वाढविणें तिला स्वतःलाच येऊं लागलें होतें.

ज्यांच्या घरीं अशी शस्त्रक्रिया व्हावयाची असेल त्यांनीं रुग्णालय सोडण्यापूर्वीं चार प्रश्न विचारावे व उत्तरें लिहून घ्यावीं. गोळी कोणती, किती व केव्हां? ताप आला तर किती वाढवावयाची? उलटी झाली तर काय टोंचावयाचें व तें कोणीं शिकावयाचें? जुन्या औषधांपैकीं कोणतें कमी करावयाचें? एवढा कागद हातीं असला म्हणजे गांव कितीहि दूर असो, माणूस निर्धास्त घरीं येऊं शकतो.