आगबोटीच्या वाटेने

(मंडळाच्या सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



भिलाईत बसून समुद्रावर व्याख्यान देणे हा थोडा आगाऊपणाच आहे. आपल्या शिवनाथेचे पाणी महानदीला मिळते आणि महानदी ते पूर्वसमुद्राला नेऊन घालते. येथे पडलेल्या पावसाचा एक थेंबदेखील कोकणाच्या वाटेला जात नाही. तरीही गेल्या मार्गशीर्षात आम्ही पाच मित्र, चौघे कारखान्यातून निवृत्त झालेले आणि एक शाळामास्तर, दुर्गहून मुंबईची गाडी धरून निघालो, पुढे कोकण रेल्वेने कुडाळला उतरलो आणि मालवणच्या किनाऱ्याने तीन दिवस होडीतून हिंडून आलो. कार्यवाहांनी त्याचे प्रवासवर्णन करावे असा आग्रह धरला. माड, रुपेरी वाळू आणि निळे पाणी आपण सर्वांनी भिंतीवरच्या दिनदर्शिकांत पाहिलेलेच आहे, त्याची पुनरुक्ती मी करीत नाही. आपल्यापैकी कित्येकांचे वडील, आजोबा ज्या पाण्याच्या वाटेने गाव सोडून निघाले, त्या वाटेविषयी मला बोलावयाचे आहे.

तरुण श्रोत्यांसाठी थोडा इतिहास सांगणे भाग आहे. कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर धावू लागली ती १९९८ साली. त्यापूर्वी कोकणचा हमरस्ता म्हणजे समुद्र. बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या आगबोटी, स्वदेशीच्या काळात लोकांच्या भांडवलावर उभी राहिलेली आणि लोकांनीच जिला ‘माझी आगबोट कंपनी’ म्हटले ती कंपनी, पुढच्या काळात चौगुल्यांच्या ‘कोकण सेवक’ आणि ‘कोकण शक्ती’: या नावांवर एकेका पिढीचे आयुष्य गेले. सकाळी मुंबईचा भाऊचा धक्का सोडला की रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले करीत बोट दुसऱ्या दिवशी पणजीस पोहोचे. पावसाळ्यात ही वाहतूक बंद. या वाटेचे नुसते गोडवे गाणेही बरे नव्हे. १७ जुलै १९४७ रोजी ‘रामदास’ बोट मुंबईहून रेवसला जाताना भर पावसात बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसे गेली. स्वातंत्र्य अवघे चार आठवड्यांवर आले होते आणि किनाऱ्यावरच्या कितीतरी घरांत तो दिवस सुतकात उजाडला. गोव्यापर्यंतची आगबोट १९८० च्या दशकाच्या अखेरीस कायमची थांबली.

मालवण, वेंगुर्ल्यासारख्या बंदरांत आगबोट धक्क्याला लागत नसे. ती दूर पाण्यात उभी राही आणि उतारूंना पडावातून किंवा होडीतून तिच्यापर्यंत नेत. लाटेबरोबर पडाव वर आला की त्या क्षणी शिडीवर पाय टाकायचा. म्हाताऱ्या बायांना खलाशी अक्षरशः उचलून वर घेत. मागून पत्र्याच्या ट्रंका, आमसुलांची पुडकी, एखादा फणस.

आमच्या पाचांतील एकाचे वडील असेच मालवणहून निघाले. मुंबईस काही वर्षे काढून, कारखान्याची उभारणी चालू होती तेव्हा ते भिलाईस आले. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी पहिल्या ब्लास्ट फर्नेसचे उद्घाटन केले, त्या गर्दीत ते होते. त्यानंतर गावी जाणे दोनदाच घडले. ते मुलांना सांगत की, बोट सुटली की आधी किनाऱ्यावरची माणसे पुसली जातात, मग घरे, मग माड, आणि सर्वांत शेवटी किल्ला. आमच्या मित्राला हे वर्णन तोंडपाठ होते, पण सेक्टरच्या सरळ रस्त्यांवर वाढलेल्या मुलाला ते कधी खरे वाटले नव्हते. आगबोट जेथे उभी राहत असे तेथून एकदा किनारा पाहावा, एवढीच त्याची इच्छा होती. आमची सहल ठरली ती यासाठी.

होडीचा तांडेल पंचविशीतला, यंत्राची होडी चालविणारा. त्याने आगबोट पाहिलेली नव्हती, तेव्हा जागा कोठून ठाऊक असणार! त्याने घरी जाऊन आपल्या आजोबांना आणले. सत्तरी ओलांडलेले ते गृहस्थ तरुणपणी उतारूंच्या होडीवर वल्ही मारीत असत. त्यांनी आम्हांला न्याहाळले आणि विचारले, “खंयसून इलात?” भिलाई म्हणताच पुढचा प्रश्न आला, “थंय दर्या आसा?” आमचे भंडाऱ्याकडचे मित्र, ज्यांनी त्या दिवसापर्यंत समुद्र पाहिलेला नव्हता, उत्तरले, “नाही जी, तिथं लोखंड हाये.” २०२२ साली नौदलात दाखल झालेल्या ‘विक्रांत’च्या पोलादात भिलाईचाही वाटा आहे, असे आम्ही अभिमानाने सांगितले. म्हातारबुवांनी ऐकून घेतले, पण त्यांचे लक्ष वाऱ्याकडे होते.

ते योग्यच होते. हिवाळ्यात पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा वाहतो आणि पाणी तळ्यासारखे निवांत असते. ऊन चढले की खारा वारा उलट वाहू लागतो आणि दुपारी होडी उसळू लागते. म्हणून आम्ही फटफटताना निघालो. मालवणच्या बंदरात पाण्याखाली खडक आहेत. म्हातारबुवा नातवाला केवळ हाताने डावे-उजवे दाखवीत होते. सिंधुदुर्गाला वळसा घालून आम्ही बाहेर आलो. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, “हंयच उभी रवायची.” यंत्र बंद केले. आमचा मित्र उठून उभा राहिला आणि मागे वळून पाहू लागला. किनाऱ्यावरची माणसे दिसत नव्हती. घरे माडांत मिसळलेली, माडांची एक काळसर रेघ, आणि तिच्यापुढे पाण्यातून वर आलेला किल्ला. त्याने ‘रेघ’ एवढा एकच शब्द उच्चारला. आम्ही कोणी काही बोललो नाही. भंडाऱ्याचे मित्र एव्हाना बोट लागून आडवे झाले होते. लिंबू हुंगवले, आले चघळावयास दिले, काही उपयोग झाला नाही. शेवटी दूरच्या क्षितिजावर नजर लावून बसविले तेव्हा बरे वाटले.

परतताना किल्ल्यावर उतरलो. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी शिवाजीमहाराजांनी कुरटे बेटावर त्याचा पाया घातला. सुमारे तीस फूट उंच आणि बारा फूट रुंद तट, तोही नागमोडी, आणि अगदी जवळ जाईपर्यंत दरवाजा दिसत नाही. पायाचे चिरे शिशात बसविले असे सांगतात. भट्टीशी आयुष्य घालविलेली आमची मंडळी या शिशावर तासभर वाद घालीत राहिली, तो येथे देत नाही. मला स्वतःला तटापेक्षा दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या विहिरींचे नवल वाटले. चोहीकडे खारट दर्या आणि मध्ये गोडे पाणी.

दुसऱ्या दिवशी भरती साधून कर्लीच्या मुखातून खाडीत शिरलो. भरतीची वेळ रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकते, म्हणून आदल्या दिवसाचा हिशेब उपयोगी पडत नाही. डावीकडे देवबाग, पश्चिमेस समुद्र आणि पूर्वेस खाडी यांच्यामधली वाळूची चिंचोळी पट्टी. समुद्राच्या अंगाला दगडांचे बंधारे घातलेले आहेत, तरी माडांची मुळे उघडी पडलेली दिसली. खाडीत मात्र सारे शांत. तिसऱ्या दिवशी नेरूरपारच्या पुलाच्या दिशेने वर गेलो तेव्हा यंत्राचाही आवाज नकोसा झाला आणि तांडेलाने ते बंद करून वल्ही घेतली.

मंडळातर्फे कोणी जाणार असल्यास दिवाळीनंतर जावे, प्रत्येकास तरंगजाकीट मिळाल्याखेरीज होडीत पाय ठेवू नये, आणि आपल्या पेन्शनरांनी गुडघ्यांचा विचार करून धक्क्याच्या पायऱ्या ओहोटीत उतरू नयेत, शेवाळ असते.

निघताना हिशेब झाला. म्हातारबुवांनी तीन दिवसांचे भाडे ठरल्याप्रमाणे रुपयान् रुपया मोजून घेतले, त्यात सूट दिली नाही आणि आम्हीही मागितली नाही. पहिल्या दिवशी आगबोटीच्या जागेपर्यंत जाण्यायेण्याचे पैसे आमच्या मित्राने वेगळे काढले होते. तेवढे मात्र त्यांनी बाजूला काढून त्याच्या हातात परत दिले आणि नातवाला होडी पाण्यात लोटावयास सांगितले.