गिऱ्हाईक कुणाच्या वहीत?

(वस्तीतल्या युवक शिबिरात केलेलं भाषण. बोललो तसंच, थोडं झाडूनपुसून लिहिलं आहे.)

दोस्तहो,

मला कविता म्हणायला बोलावतात. आज धंद्यावर बोल म्हणाले. मी मॅट्रिक झालेला, गोदीत लोखंडाच्या कॉईली उतरवणारा माणूस. माझ्याकडं मार्केटिंगची पदवी नाही. पण माझ्या मावशीची खानावळ आहे आणि तिचा फोनवरचा सगळा कारभार पाळी सुटल्यावर मी बघतो. त्या जोरावर बोलतो. पटलं नाही तर मधेच उठून बोला.

आपल्या शिबिरांत भांडवलावर दोन-दोन तास चर्चा होते. पण वडापावच्या गाडीला किती भांडवल लागतं, हे कुणी विचारत नाही. धंदा म्हटलं की आपल्यातल्या शिकलेल्यांना तो शेटजीचा वाटतो. अरे, वस्तीत फिरा जरा. शिलाई मशीन, पंक्चरचं दुकान, चपला शिवणारा, बॅण्डवाले, डबे करणाऱ्या बाया. आपल्यातल्या निम्म्या लोकांचं पोट नोकरीवर नाही, गिऱ्हाइकावर आहे. आणि गिऱ्हाईक ही काय चीज असते, ते आपल्या इतिहासात नीट लिहून ठेवलेलं आहे.

१९१७ साली बाबासाहेब परदेशातून शिकून आले. बडोद्यात त्यांना राहायला जागा मिळू दिली नाही. मुंबईत येऊन त्यांनी शेअरबाजारातल्या लोकांना सल्ला देण्याची पेढी काढली. कोलंबियात अर्थशास्त्र शिकलेला माणूस! मग लोकांना कळलं, पेढीचा मालक अस्पृश्य आहे. गिऱ्हाईक बंद. आकड्याला कसला विटाळ? पण झाला. पुढं ३१ जानेवारी १९२०ला ‘मूकनायक’ निघाला. त्याची जाहिरात छापा, पैसे देतो, असं ‘केसरी’ला विचारलं. ‘केसरी’ने नकार दिला. कुणी फुकट मागत नव्हतं, रोख मोजणार होते. म्हणजे जाहिरातीची जागासुद्धा सोवळ्यात!

त्याच काळात कोल्हापुरात गंगाराम कांबळ्यांनी ‘सत्यसुधारक’ नावाचं हॉटेल काढलं. महाराच्या हातचा चहा कोण पिणार? मग शाहू महाराज स्वतः तिथं गाडी थांबवायला लागले, चहा प्यायला लागले, आणि बरोबरच्या खाशा मंडळींनाही तोच चहा. राजा पितोय म्हटल्यावर सरदार काय करणार? घोटला गपचूप.

जयंतीला टाळ्या घ्यायला मी हे सांगत नाही, धंद्याच्या हिशेबानं सांगतोय. माल चांगला असणं आणि गिऱ्हाईक येणं यांच्यामधे एक भिंत असते. आपल्याकडं ती आडनावाची असते. आणि आता महाराज गाडी घेऊन येणार नाहीत.

पण तुमच्या खिशात फोन आहे. कुठल्याही संपादकाच्या दारात उभं न राहता, एक रुपया न भरता, त्या फोनमधल्या नकाशावर तुमच्या दुकानाची पाटी लागते. ही गोष्ट लहान नाही. एवढ्यासाठीच मी आज उभा आहे.

मावशीची खानावळ गोदीच्या गेटापासून दहा मिनिटांवर. म्हातारे कामगार सांगतात, जेवणाच्या सुट्टीत पंगत दोनदा उठायची. १९८९मध्ये न्हावा शेवा बंदर सुरू झालं, कंटेनर हळूहळू तिकडं गेले, आणि माणसांचं काम क्रेनांनी खाल्लं. आता आमच्या टोळीतली बारा-पंधरा पोरं जेवतात, बाकीची बाकडी रिकामी. पण त्याच रस्त्यावर हापिसं आहेत, हॉस्पिटलातल्या नर्सा आहेत, परगावची पोरं भाड्यानं राहतात. त्यांना भूक लागली की ती रस्त्याकडं बघत नाहीत, फोनकडं बघतात. आणि फोनात मावशी नव्हतीच. दोनशे पावलांवर बसून मासे-भाकरी शोधणाऱ्याला फोन चार किलोमीटरवरचं हॉटेल दाखवत होता.

तर गूगलवर धंद्याचं खातं काढायचं. फुकट असतं. नाव, कामाचा प्रकार, वेळ, फोन नंबर, फोटो. खात्री करायला ते कधीकधी व्हिडिओ मागतात: रस्ता दाखवा, पाटी दाखवा, आतली चूल दाखवा. आपली पोरं इथंच अडतात, कारण पत्ता काय लिहायचा? ‘सार्वजनिक संडासाच्या मागं, तिसरी गल्ली’ हे पोस्टमनला पुरतं, परक्या गिऱ्हाइकाला पुरत नाही. त्याला तोड आहे. प्लस कोड म्हणून एक चीज २०१५पासून आहे. जमिनीच्या प्रत्येक तुकड्याला अक्षर-आकड्यांचा कोड दिलेला. नकाशात तुमच्या दारावर बोट दाबून धरा, कोड वर येतो. तो गिऱ्हाइकाला पाठवा, माणूस बरोबर उंबऱ्यात येऊन उभा राहतो. महापालिकेनं गल्लीला नाव दिलं नसलं तरी चालतं. या कोडाला जात कळत नाही, झोपडी कळत नाही आणि बंगलाही कळत नाही.

यादीत वर कोण दिसतं? कंपनी स्वतःच सांगते: शोधलेल्या शब्दांशी मेळ, अंतर आणि त्या जागेचं लोकांतलं नाव. या यादीतली जागा पैसे भरून वर सरकत नाही. विकतची जाहिरात वेगळी असते आणि ती जाहिरात म्हणूनच दिसते. तेव्हा ‘दहा हजार द्या, पहिल्या नंबरला आणतो’ असा गोडगोड फोन आला की ठेवून द्या. असले भडवे सध्या वस्तीवस्तीत फोन लावत असतात.

कवी लोकांना खास सांगतो. ‘मातीची चव’ कुणी शोधत नाही. ‘बोंबील फ्राय’, ‘मटण थाळी’, ‘महिन्याचा डबा’ हे शोधतात. तेच लिहा. मराठीत लिहा, इंग्रजीतही लिहा, कारण नर्स केरळची असते. भाव लिहा. भाव लपवला की गरीब गिऱ्हाईक विचारायला लाजतं आणि पुढं जातं. फोटो दिवसाच्या उजेडात काढा, आपल्याच ताटाचे काढा. दुसऱ्या हॉटेलाचा गुळगुळीत फोटो चिकटवला की पहिल्या दिवशी माणूस येतो, दुसऱ्या दिवशी येत नाही. आणि रविवारी बंद असेल तर बंद लिहा. उपाशी माणूस कुलूप बघून परत गेला की त्याचा राग जन्मभर राहतो.

आता खरा प्रश्न. पाटीवर नाव काय?

मावशीच्या पाटीवर आमचं आडनाव आहे. मुंबईत ते वाचून काय कळायचं ते कळतं. वस्तीतल्या एका जाणत्या काकांनी सांगितलं, आडनाव काढून ‘अन्नपूर्णा’ ठेव, धंदा दुप्पट होईल. काका मूर्ख नाहीत. त्यांचा मुलगा असल्याच नावानं केटरिंग करतो आणि चार माणसं पोसतो. मी त्याला शिव्या देणार नाही. पोटापुढं भाषणं करणारे पुष्कळ असतात, त्यांच्या घरी पगार येत असतो.

तरी मी मावशीला म्हटलं, नाव राहू दे. एक कारण साधं हिशेबाचं आहे. पाटीवर अन्नपूर्णा लिहाल, पण गिऱ्हाईक पैसे द्यायला कोड स्कॅन करतं तेव्हा साध्या खात्यावर बँकेतलं नाव आडनावासकट पडद्यावर येतं. जेवण झाल्यावर आडनाव वाचलं की तोच माणूस म्हणणार, फसवलं. म्हणजे लपवायचं तर रोज लपवावं लागतं, आणि रोज धाकधूक. दुसरं कारण असं की नाव वाचून जो आला तो टिकतो. चंद्रभान प्रसादांनी २०१६ साली लोणची-मसाले नेटवरून विकायला काढले तेव्हा त्याला नावच दिलं ‘दलित फूड्स’. किती खपलं हा वेगळा हिशेब. पण ज्या शब्दाला बाजार बिचकतो तोच शब्द बरणीवर छापून त्यांनी बाजाराची परीक्षा घेतली.

परीक्षा आमचीही झाली. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर आहे, ती एका फोटोत आली. एका गृहस्थानं एक तारा दिला आणि लिहिलं, जेवण ठीक, पण फोटो बघूनच कळलं कुठं आलो ते. टोळीतली पोरं पेटली. त्याच्या आयमाय उद्धरायची भाषा सुरू झाली. कुणी म्हणालं, आपण पन्नास जणांनी पाच-पाच तारे ठोकू. मी नको म्हटलं. न जेवलेल्या माणसाचे तारे खोटे असतात, ते पकडले जातात, आणि मग खरे जेवलेल्यांच्या शब्दावरही कुणी विश्वास ठेवत नाही. गिऱ्हाइकाला फुकट चहा पाजून तारे मागणंही गूगलच्या नियमात बसत नाही. मावशी कांदा चिरत होती. म्हणाली, “त्याला इचार, मासं ताजं होतं का न्हाई?” आम्ही तेवढंच उत्तर लिहिलं: ‘मासे ताजे होते का, ते सांगा. तसबीर राहणार आहे.’ ते उत्तर अजून तिथंच आहे. त्या महिन्यात दोन डबे बंद झाले. त्यानंच झाले का, देव जाणे; मी देव मानत नाही. पण नंतर एक पोरगी आली, ते उत्तर वाचून आले म्हणाली, आणि हॉस्टेलातल्या आणखी सहा जणींचे डबे लावून गेली.

आता जेवण घरपोच करणाऱ्या कंपन्या. मार्च २०२४मध्ये झोमॅटोनं ‘शुद्ध शाकाहारी’ ताफा जाहीर केला, वेगळ्या हिरव्या कपड्यांतला. बोंब झाली, दुसऱ्याच दिवशी हिरवे कपडे मागे घेतले, ताफा ठेवला. आपल्याला त्याचा अर्थ कुणी समजावून द्यायला नको. वेगळा पेला आपण बघितलेला आहे.

पण माझा मुद्दा सोवळ्याचा नाही, वहीचा आहे. अशाच एका कंपनीकडं मावशी सहा महिने होती, नाव घेत नाही. शंभर रुपयांच्या थाळीतले पंचवीस तिकडं, डब्बा-पिशवीचे आठ, सवलत द्या म्हणून आणखी दहा. उरले सत्तावन्न. त्यात मासे, तेल, गॅस आणि मावशी. बरं, तेही चाललं असतं, कारण नवं गिऱ्हाईक येत होतं. पण शेकडो डबे गेले आणि कोण जेवलं त्यातल्या एकाचाही नंबर तिच्याकडं नाही! उद्या कंपनी सोडली की ते सगळं गिऱ्हाईक कंपनीचं. हॉटेलवाल्यांच्या संघटनेनंही अशाच गाऱ्हाण्यांवर तक्रार केली होती आणि एप्रिल २०२२मध्ये स्पर्धा आयोगानं झोमॅटो-स्विगीच्या चौकशीचा हुकूम काढला. म्हणजे मोठ्या हॉटेलांनाही हे दुखतं.

गोदीतल्या माणसाला हे लवकर कळतं. पूर्वी गोदीत टोळीवाला असायचा. काम त्याच्या हातात, हजेरी त्याच्या वहीत. ज्याच्या वहीत नाव, त्याचा माणूस. १९४८ला गोदी कामगारांचा कायदा झाला, नोंदणी आली, तेव्हा कुठं ती वही टोळीवाल्याच्या हातातून सुटायला लागली. आता तोच टोळीवाला फोनात बसलाय. त्याच्याकडं जाऊच नका असं मी म्हणत नाही. नवं गिऱ्हाईक त्याच्याकडून घ्या, पण ते गिऱ्हाईक पुढं तुमच्याकडं सरळ कसं येईल ते बघा. आणि स्वतःची वही ठेवा.

वही म्हणजे काय? व्हॉट्सॲपचं धंद्याचं ॲप २०१८पासून आहे, फुकट आहे. त्यात मालाची यादी भावासकट लावता येते. एका प्रसारण यादीत २५६ नंबर बसतात. पण खोच अशी की ज्यानं तुमचा नंबर त्याच्या फोनात साठवलाय त्यालाच तो निरोप पोचतो. म्हणून बिल देताना मावशी आता म्हणते, “ताई, नंबर सेव करा, आज काय केलंय ते कळवीन.” नको म्हणाली तर नको. हो म्हणाली तर सकाळी साडेदहाला एक निरोप: आज बोंबील, आज अळूचं फतफतं. एकच. फुलांची ‘सुप्रभात’ चित्रं पाठवाल तर लोक नंबर बंद करतील, आणि त्यांचं बरोबरच असेल.

तेच नंबर कागदाच्या वहीतही लिहून ठेवा. हसू नका. २९ जून २०२०ला सरकारनं टिकटॉकसकट ५९ ॲप बंद केली. ज्या पोरांनी नाचून-गाऊन लाख-लाख माणसं जमवली होती, त्यांच्या हातात दुसऱ्या दिवशी एकही नव्हता. ४ ऑक्टोबर २०२१ला फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप तिन्ही एका रात्रीत सहा तासांच्या आसपास बंद पडली. त्या रात्री ज्याच्याकडं कागदावर नंबर होते, त्याला साधा फोन तरी लावता येत होता. इन्स्टाग्रामवर रीळ जरूर टाका, हौस म्हणून टाका, पण मावशीचं भाडं रिळानं निघालेलं मी अजून बघितलं नाही.

बोलणं पुरे. सभेनंतर फोन घेऊन थांबा. कुणाकुणाचं दुकान नकाशावर नाही, ते बघू. कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्यापासून सुरू करू, मग मागच्या गल्लीतल्या शिलाईवाल्या ताई, मग चपलांचा ठेला. फोटो उजेड आहे तोवर काढायचेत. पाटीवर कुठलं नाव लावायचं ते ज्याचं त्यानं घरी विचारून यायचं. मला साडेनऊची पाळी आहे, त्याआधी जेवढी होतील तेवढी.

जय भीम.