कोणाची वाटी किती मोठी?
(गणेशोत्सव व्याख्यानमालेतील भाषण)



हायटेक सिटीत नोकरी करणारी मुले-मुली आता आपल्याकडे घरोघरी आहेत. 'स्प्रिंट संपतोय, आरतीला उशीर होईल' हे आजी-आजोबांनाही पाठ झाले आहे. या मुलांच्या कामाचे माप कसे निघते, आणि एका साहेबाच्या हाताखाली चार-पाच टीम असतील तर त्यांची प्रगती कशी पाहावी, याबद्दल आज बोलणार आहे.

फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेत युटा राज्यातल्या स्नोबर्ड येथे १७ जण जमले आणि 'अजाइल'चा जाहीरनामा तयार झाला. चालणारे सॉफ्टवेअर हेच प्रगतीचे मुख्य माप, असे त्याच्या तत्त्वांत आहे. प्रत्यक्षात कचेरीत चलती आहे ती स्टोरी पॉइंटची. काम किती मोठे ते टीम आपसांत ठरवते: ३, ५, ८, १३. एका स्प्रिंटमध्ये जितके पॉइंट पुरे झाले, ती त्या टीमची व्हेलॉसिटी.

आमच्या घरच्या वाटीने रोज तीन वाट्या तांदूळ लागतात, तर उद्याचा अंदाज आम्हाला बांधता येतो. शेजारी पाच वाट्या लागतात, म्हणून ते जास्त जेवतात असे कसे म्हणणार? त्यांची वाटीच लहान असेल! तरीही सगळ्या टीमच्या व्हेलॉसिटी एका तक्त्यात मांडून साहेब क्रमांक लावतात. मग ३ चे काम ५ चे होते, आकडा चढतो आणि ग्राहकाच्या हाती जास्तीचे काहीच पडत नाही. जुना, किचकट कोड निस्तरणारी टीम तळाला जाते, तिच्या पगारवाढीवर गदा येते. तिथली चांगली माणसे आधी सोडून जातात. मला सर्वांत खटकते ते हेच.

टीमची तुलना तिच्याच मागच्या सहा-आठ स्प्रिंटशी करावी. दिवाळीच्या आठवड्यात आकडा घसरणारच, त्याचा बाऊ नको. पॉइंटपेक्षा दिवस मोजावेत: काम हाती घेतल्यापासून ग्राहकापर्यंत पोचायला किती लागले? जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला नियम इथे फार उपयोगी पडतो. हातातली कामे भागिले आठवड्याला पुरी होणारी कामे, म्हणजे एका कामाला लागणारा सरासरी वेळ. एका टीमच्या हातात ३० कामे, आठवड्याला १० संपतात: तीन आठवडे. दुसरीकडे १२ कामे, ६ संपतात: दोनच आठवडे. तक्त्यात मंद दिसणारी टीम ग्राहकाला लवकर पावते! पहिलीला जास्त राबवण्याऐवजी तिच्या हातातली कामे कमी करावीत.

आणखी एक. प्रत्येक टीमचा फलक हिरवागार असतो, पण एका टीमने संपवलेले काम दुसरीच्या दारात चाचणीसाठी आठ-दहा दिवस पडून राहते. ते दिवस कोणाच्याच खात्यात दिसत नाहीत. म्हणून निदान पाच-सहा कामे निवडून, ती मागणीच्या दिवसापासून ग्राहकापर्यंत कुठे कुठे थांबली, हे दर महिन्याला सर्व टीमनी एकत्र बसून तारखांसकट लिहून काढावे.