हमाली आणि घरखर्च
वसमत तालुक्यातील कुरुंदा परिसरातली हळद शिजून, वाळून, पोत्यांत भरून बाजारात येते, तेव्हा ती पाठीवर वाहणाऱ्या हमालाला महिन्याचा पगार नसतो, तर हमाली, म्हणजे पोत्यामागे वा क्विंटलमागे ठरलेली मजुरी मिळते. त्यामुळे आवक ओसरली की कमाई घटते, किराणा, दवाखाना आणि मुलांची फी मात्र बारमाही राहते. १९६९ च्या माथाडी, म्हणजे ओझी वाहणाऱ्या कामगारांसाठीच्या, कायद्यानुसार मालक मजुरीसोबत लेव्ही, म्हणजे ठरावीक टक्क्यांची जादा रक्कम, माथाडी मंडळाकडे भरतो आणि तिच्यातून भविष्यनिर्वाह निधी, उपदान (ग्रॅच्युइटी) यांची तरतूद होते. नोंदणीविना राहिलेल्या हमालाला यातले काहीच मिळत नाही, आणि हा उघड अन्याय आहे. घरखर्चातला जेवणाचा भार हलका करण्याचा एक प्रयत्न पुण्यात झाला: डॉ. बाबा आढाव यांच्या हमाल पंचायत या हमालांच्या संघटनेने १९७४ मध्ये ‘कष्टाची भाकर’ हे केंद्र सुरू करून कष्टकऱ्यांच्या स्वस्त जेवणाची सोय केली.